माशाची सुरमादाणी

करीमनं बसवलेला दिवा पुन्हा दुरुस्तीला आला, असं पदमपुऱ्यात कुणी म्हणून दाखवावं. तीस वर्षं वायरींत हात घालणारा माणूस. बिघाड दिसला की तो उलट खुशीत येई. बिघाडाला कारण असतंच आणि ते आपल्याला सापडतंच, असा त्याचा पक्का भरवसा होता.

वच्छलाबाईंकडचं काम तर साधंच होतं. त्यांचे यजमान काकासाहेब कन्नडच्या कचेरीत होते. पिशोरपासून अजिंठ्यापर्यंतचे बाजार पालथे घालून त्यांनी डोळ्यांत घालायचा सुरमा ठेवायच्या जुन्या सुरमादाण्या जमवल्या होत्या. कुठं मोर, कुठं आंबा, पितळेच्या, चांदीच्या. आता त्यांचं वर्षश्राद्ध आलं होतं. पाहुण्यांना त्या नीट दिसाव्यात म्हणून काचेच्या कपाटात आतून दिवे हवे होते.

करीमनं प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला खालून एलईडीची पट्टी चिकटवली. उजेड पारखायला भरदुपारी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा बंद केला. खोली एकदम मुकी झाली. त्यानं बटण दाबलं.

पितळ सोन्यासारखं उजळलं. बाई हरखल्या. करीम मात्र मधल्या फळीकडे बघत राहिला. तिथं सुरमादाण्या सात होत्या, आणि कपाटाच्या पांढऱ्या पाठीवर सावल्या आठ.

"माई, ह्या रिकाम्या जागी काय होतं?"

बाई जवळ आल्या. मोर आणि आंब्याच्या मधे चार बोटं जागा होती. तिच्या मागं शेपटी वळवलेल्या माशाची ठसठशीत सावली.

"मासा..." बाईंनी काचेवर बोट टेकवलं. "आठ वर्षं झाली गायब होऊन. सरूबाई भांड्याला यायची. मीच म्हणलं, तूच नेली. चार बायांपुढं. तिनं पदर झटकून दाखवला अन् गेली... परत आली नाय."

"सावली हाय म्हणजे आड काहीतरी हायच," करीम म्हणाला. त्यानं पट्टी सोडवून डावीकडं सरकवली. सगळ्या सावल्या उजवीकडं हलल्या. मासाही. त्यानं पट्टी बदलली. मासा तिथंच. मग त्यानं रिकाम्या जागेत हात घातला.

बोटांना काहीच लागलं नाही. पण कपाटाच्या पाठीवर, त्याच्या बोटांच्या सावलीनं तो मासा मुठीत धरला होता. खोलीत ओल्या गुलाबपाण्याचा वास दाटला.

"बंद कर..." बाई कुजबुजल्या. "घरातच होती ती सुरमादाणी... मला सरूकडं, भावसिंगपुऱ्याला ने, करीमभाई. आत्ताच."

सरूबाई दारात शेजारणींबरोबर डाळ निवडत होती. बाईंनी त्या सगळ्यांदेखत हात जोडले. "सरू, तू चोर नव्हतीस. माझी जीभ झडायला पायजे होती."

सरूबाईनं डाळीतला खडा वेचून फेकला. मग ती म्हणाली, "लई उशीर केला, माई. ह्याच डागापायी माझी पोरगी सासरहून वापस आली, अन् त्यातच गेली." मग सूप बाजूला ठेवलं. "बसा. च्या टाकते."

परत येऊन करीमनं दिवे लावले. सात वस्तू, सात सावल्या. कारण सापडलं, बिघाड गेला. तो समाधानानं पिशवी खांद्याला लावून घरी निघाला.

दार उघडलं ते त्याच्या बायकोनं, अख्तरीनं. ती त्याच्याकडं टक लावून बघत राहिली.

"आज सुरमा कुणी घातला तुम्हाला?"

करीम हसला. मग आरशात बघितलं. दोन्ही डोळ्यांना बारीक काळी रेघ होती, कसलेल्या हातानं ओढलेली. साबण लावला, चोळलं. रेघ निघेना.

अख्तरी ओला टॉवेल घेऊन अगदी जवळ आली आणि थबकली.

"हलू नका..." तिनं त्याची हनुवटी धरली. "तुमच्या डोळ्याच्या बाहुलीत मी दिसायला पायजे ना? तिथं दुसरीच बाई उभी हाय... पाठमोरी. हातात माशाची सुरमादाणी."