नारिंगी जॅकेटच्या मागे

बूट नवे दिसतात तुझे. छान आहेत. पण आमच्या पळण्याच्या वर्गाचे पहिले चार आठवडे गाळून थेट पाचव्यापासून सुरू करणार म्हणतोस, ते काही मला पटत नाही बाबा. सायकल चालवतोस, दम आहे, सगळं कबूल. असाच एक दमदार गडी माझ्या ओळखीचा होता. बसा सगळे. तो मोठा दिवा नको, डोळ्यांवर येतो. आणि हे काही कुणाकडून ऐकलेलं नाही हां. निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय, निम्मं त्याच्याच तोंडून ऐकलंय.

तो माझ्या शिवणाच्या दुकानात आला होता अर्ध्या चड्डीचं इलास्टिक बदलून घ्यायला. काम एवढंच. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होता तो. सगळे त्याला बदक म्हणायचे, कारण पाण्यात उतरला की बघत राहावं आणि जमिनीवर चालायला लागला की हसू यावं. तोही हसायचा. मी मशीनवर होतो, तो टेबलाला टेकून पोटऱ्या चोळत उभा.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"नडग्या ठणकतात, काका. अग्निशमन दलाची परीक्षा आहे. पळण्याची. वयाची अट अशी आहे की यंदा झालं तर झालं, नाहीतर आयुष्यभर तलावाच्या कडेला शिट्टी फुंकत बसायचं."

लहानपणापासून त्याला ते लाल गाडीचं वेड. लग्न ठरत नव्हतं ते सुद्धा त्याने त्या नोकरीवर ढकललेलं. आणि गंमत अशी की तासभर पोहला तरी याचा श्वास चढत नसे, पण रस्त्यावर चार दिवस पळाला आणि पायांनी संप केला. मी म्हटलं, आमच्याबरोबर ये. खेळाच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून नवशिक्यांना पळायला शिकवतात. संध्याकाळी मैदानावर जमतो, ओढ्यावरच्या पुलापर्यंत जातो आणि परत येतो.

"तुमच्याबरोबर? मी?" त्याला हसू आवरेना.

पण आला. बाईंनी त्याच्या पोटरीवर अंगठा दाबून पाहिला, तसा तो कळवळला. बाई म्हणाल्या, "दम आहे तुझ्याकडे. हाडांना सवय नाही. तेव्हा पहिल्या दिवसापासून, सगळ्यांसारखं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं."

ती दोन मिनिटं त्याला जड जायची. चालताना नुसता चुळबुळायचा. हात झटकेल, मागे बघेल, जागच्या जागी उड्या मारेल. कुणी दोरी बांधून ठेवल्यासारखा जीव कासावीस व्हायचा त्याचा. पण बाईंपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

बाईंचा आणखी एक नियम होता. लांब शिट्टी वाजली की पुढे गेलेल्यांनी वळायचं, मागे जाऊन शेवटच्या माणसाला गाठायचं, त्याच्या मागून वळसा घ्यायचा आणि मग पुन्हा पुढे यायचं. कुणी मागे पडता कामा नये. शेवटचा माणूस ठरलेला, मी. दिवसभर मशीनवर बसून गुडघे गंजलेले. माझ्या अंगात नारिंगी चमकतं जॅकेट असायचं. बाई रोज निघताना बजावायच्या, "जॅकेट दिसलं की वळायचं. वळशापुरतं सोडलं तर जॅकेटच्या मागे जायचं नाही." का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

जानेवारीतला शेवटचा गुरुवार. त्या दिवशी निघायलाच उशीर झाला. साडेआठ वाजून गेलेले. धुकं इतकं की दिव्याखालचा रस्ता तेवढा दिसायचा. आम्ही पुलावरून माघारी वळलो होतो. लांब शिट्टी वाजली आणि बदक धुक्यातून माझ्याकडे येताना दिसला.

"वळ रे," मी म्हटलं.

तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

"काका, मागे कुणीतरी राहिलंय."

"सगळे पुढे आहेत."

"नाही हो. बाई आहे एक. लंगडतेय."

मी मागे पाहिलं. रस्ता रिकामा. पूल, पुलावरचा दिवा, बास. पुन्हा मान वळवेपर्यंत हा गडी माझ्या बाजूने निघून गेलेला. मी हाक मारली. त्याने हात वर केला, आलोच म्हणून.

त्यात त्याची काय चूक, सांगा? शेवटचा माणूस पाण्याबाहेर आल्याशिवाय तलावाला कुलूप लावायचं नाही, हेच त्याने आयुष्यभर केलेलं. आता पुढचं त्याने सांगितलेलं.

पुलावरच्या दिव्याखाली ती होती. चाळिशीची असेल. पळण्याचा प्रयत्न करत होती. एका पायात बूट. दुसरा पाय अनवाणी.

"पुढे गेले का सगळे?" तिने विचारलं.

"थांबलेत. या तुम्ही. मी आहे मागे."

"मागेच राहाल ना?"

"राहतो की."

ती पळू लागली. हा तिच्या मागे. थोडं पळून ती चालायची. मग पुन्हा पळायची. अगदी बाईंनी शिकवलेलं, तसंच. त्याला बरं वाटलं. आता पूल मागे पडेल, मग वळण, मग मैदान.

दिवा आला.

मग पुन्हा अंधार. थोडं पळणं. थोडं चालणं.

दिवा आला. तोच. खांबाला तोच तुटका फलक.

"पुढे गेले का सगळे?"

हा पळतच राहिला. नडग्या पेटल्या होत्या. बाजूला पाहिलं. पुलाचा कठडा अजून डाव्या हाताला होता. इतका वेळ पळून... पूल संपलाच नव्हता.

लांबून बाईंची शिट्टी. एकदा. दोनदा. मग नुसती वाजतच राहिली.

ती थांबली. मागे वळली नाही.

"...आहात ना?"

आणि तो पळाला. तिच्या बाजूने, पुढे, डोळे मिटून. पाठीमागून एकच शब्द आला. ओरडून नाही. अगदी हळू.

"थांबा..."

मैदानावर आला तेव्हा त्याची दातखीळ बसली होती. बाईंनी सगळ्यांना मोजलं. कुणी कमी नव्हतं. मग त्याच्यासमोर बसल्या आणि विचारलं, "बोललास तिच्याशी?"

त्याने मान डोलावली.

"काय बोललास?"

"म्हणालो... मी आहे मागे."

"आणि?"

"सोडून आलो."

मग बाईंनी सांगितलं. आमच्या आधीच्या तुकडीत होती म्हणे ती. नेहमी शेवटची. तेव्हा मागे वळायचा नियम नव्हता. सगळे आपापल्या घरी गेले. सकाळी ती पुलाखाली सापडली. एक बूट पायात, दुसरा मिळालाच नाही. हे जॅकेट त्यानंतर आलेलं.

आम्ही तो रस्ता सोडला. मैदानातच गोल फिरू लागलो. बदकही येत राहिला, एकही आठवडा न गाळता, आणि पाय त्याचे खरोखर तयार झाले. पण माणूस बिघडला. तलाव बंद करून घरी निघायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत जायचा, पाण्यात कुणी राहिलं नाही ना ते बघायला. रात्री तीन तीनदा. जेवताना मधेच मागे बघायचा. "काका, ती मला थांबा म्हणाली हो," एवढंच पुन्हा पुन्हा. मला फार वाईट वाटायचं. मी काय सांगणार त्याला? मी तर तिला पाहिलंही नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेलो. पहाटे पावसाची सर पडून गेलेली, धावपट्टीची माती ओली आणि मऊ. एकामागून एक तुकडी सुटायची. त्याच्या तुकडीत सगळी पोरंच. हा सुटला आणि मी कुंपणापाशी आरोळ्याच ठोकल्या! काय पळत होता! शेवटच्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढे, मागचा पोरगा कुठल्या कुठे. आता फक्त शेवटचं वळण आणि समोर रेषा. नोकरी हातात होती रे त्याच्या.

वळणावर त्याने मागे पाहिलं.

आणि थांबला.

मी ओरडलो. परीक्षा घेणारे साहेब ओरडले. एक एक पोरगा त्याच्या बाजूने पुढे गेला. हा उलटा फिरला. वळणाच्या पार टोकापर्यंत गेला. कुणीच नव्हतं तिथे. त्या कुणीच नसलेल्याच्या मागून त्याने वळसा घेतला... आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

मग तो आला. थोडं पळत. थोडं चालत. आपल्यापुढे हातभर जागा सोडून.

वेळ संपली. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. तरी हा आपला येतच होता, थोडं पळत, थोडं चालत. चालतानाची ती चुळबुळ कुठे गेली कोण जाणे. रेषा ओलांडून माझ्यासमोर उभा राहिला. वाटलं, आता रडेल. पण चेहरा शांत होता, कितीतरी महिन्यांनी.

"काका," तो म्हणाला, "सगळे आले."

मी त्याला टॉवेल दिला. तो घाम पुसत होता तेव्हा माझी नजर मातीवर गेली. त्याच्या बुटांचे ठसे वळणापासून रेषेपर्यंत स्पष्ट उमटलेले. आणि त्यांच्या पुढे, हातभर अंतरावर, दुसरे ठसे. लहान. एक बुटाचा. एक अनवाणी पायाचा, पाची बोटं मोजून घ्यावीत असा. पुन्हा एक बुटाचा. पुन्हा अनवाणी.

ते रेषेपर्यंत होते. रेषेच्या पलीकडे फक्त त्याचे.