माझा डबा गळत नाही

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर होता होता राहिली. तिने हातातला स्टीलचा डबा छातीशी घट्ट धरला.

"सांडलं नाही ना?" त्याने हसत विचारलं. "काय आहे आज डब्यात?"

"मिथेनॉल आणि पाणी," ती म्हणाली. "खाणार?"

त्याचं हसू अर्ध्यातच अडकलं... आणि ते अडकलेलं हसू तिला फार आवडलं.

डबा तिने स्वतः आखला होता. एकीकडून हे मिथेनॉल-पाण्याचं पातळ इंधन सोडायचं, त्याची वाफ तापलेल्या तांब्याच्या गोळ्यांवरून न्यायची, की दुसरीकडून हायड्रोजन बाहेर! इतरांचे असले रिअ‍ॅक्टर कपाटाएवढे, तिचा काखेत मावायचा. आणि तो होता नवा सुरक्षा अधिकारी. गॅस कुठे गळतो का, हे बघणं त्याचं काम. तिच्याच प्रयोगशाळेत तो जरा जास्त वेळा बघायला यायचा, ही गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात भोंगा वाजायला लागला. टेबलावरचं गॅस ओळखणारं यंत्र अचानक कोकलायचं आणि डबा आपोआप बंद पडायचा. तिने एकेक जोड खोलून पुन्हा बसवला, साबणाचा फेस लावून पाहिला — एक बुडबुडा येईल तर शपथ!

"आता एकदा जरी वाजला," प्रयोगशाळेचे प्रमुख सर वैतागून म्हणाले, "तर डबा गोदामात आणि तू दुसऱ्या कामावर."

"माझा डबा गळत नाही, सर."

तिला खात्री होती. मग भोंगा वाजतो तरी कधी? तो सुरक्षा अधिकारी यंत्रावर वाकला की... आणि त्याच वेळी त्याच्या अंगाचा तो छान, मंद वास येतो! काखेत कळसा नि गावाला वळसा. तो वास तिला इतका आवडायचा, की त्याच्यावर संशय घ्यायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सरांनाच बोलावलं. तो आला, सवयीने यंत्रावर वाकला, आणि भोंगा सुरू!

"झालं!" सरांनी कपाळाला हात लावला. "उचला तो डबा."

तिने शांतपणे झाकण काढलं. "कालपासून रिकामा आहे, सर. आत थेंबसुद्धा नाही." मग ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही सेंट लावता?"

त्याचे कान लाल झाले. "हो..."

"त्यात अल्कोहोल असतं. या यंत्राला ते आणि हायड्रोजन सारखेच वाटतात."

"अरे, सुरक्षा अधिकारी ना तू?" सर ओरडले. "कामावर सेंट कशाला हवा?"

काहीतरी थाप मारून त्याला सुटता आलं असतं. पण तो सरळ उभा राहिला.

"आधी कधीच लावत नव्हतो, सर. जिन्यात यांची नि माझी टक्कर होता होता राहिली ना... त्या दिवसापासून लावतो."

सर उगीचच खोकले. "डबा चालू कर," एवढंच तिला म्हणाले आणि निघून गेले.

"रागावलात?" त्याने दारातूनच विचारलं. आता तो यंत्राच्या जवळही फिरकत नव्हता.

"खूप! एवढे चांगले जोड खोलायला लावलेत मला."

"सेंट आजपासून बंद."

"बंद कशाला?" डब्यात इंधन ओतता ओतता ती म्हणाली. सुखाने तिचं मन नुसतं भरून आलं होतं. "संध्याकाळी लावा की. बाहेर फाटकापाशी भोंगा नाही."

"येऊ?" त्याला हसू आवरेना. "मग... डबा घेऊन येतो. दोघांचा."

"या. पण खाण्याचा आणा हं."