निघतानाचा शब्द

त्या सकाळी आईने डब्याचं झाकण नीट बसलंय ना ते पाहिलं, गॅस बंद केला आणि ओल्या हातांनीच केसांना पिना लावल्या. शर्टांच्या कारखान्यात ती काज-बटणावर होती. तिच्या बोटांना कायम यंत्राच्या तेलाचा वास यायचा.

बाबा दारात उभे होते. धर्ममंडळाची सत्ता आल्यापासून कुठले शब्द पापाचे, हे ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. लोक तोंडावर त्यांना ‘साहेब’ म्हणत, पाठीमागे ‘खोडरबर’. नुकताच त्यांनी ‘येते’ खोडला होता. घराबाहेर पडताना सगळेच म्हणतात, तो. परत आणायचं की नाही ते देव ठरवतो. माणसाने आधीच सांगणं हा बाबांच्या मते उद्दामपणा होता. यापुढे ‘जाते’, ‘जातो’ म्हणायचं. चुकणाऱ्याची जीभ चौकात डागत.

आदेश निघाल्यापासून आई काहीच न बोलता सटकायची. त्या दिवशी बाबांनी हात आडवा घातला.

“म्हण.”

“अहो, बस चुकेल माझी.”

“आधी म्हण.”

आई माझ्याकडे बघून हसली. “बरं, जाते. झालं समाधान? आणि तू, कपडे वाळत घाल गं. नाहीतर बसशील पुस्तकात डोकं खुपसून.”

ती परत आली नाही.

कारखान्यात ती पोचलीच नव्हती. बसमध्ये चढताना तिला वाहकाने पाहिलं होतं. उतरताना कुणीच नाही. मी इस्पितळं पालथी घातली. मग वरच्या मजल्यावरची नर्स अशीच नाहीशी झाली, मग समोरचा घड्याळवाला. दोघांनीही निघताना नियम पाळला होता.

तळमजल्यावरच्या लठ्ठ शिंपीणकाकूंनी मला जिन्यात गाठलं.

“निघताना मनात काय म्हणतेस?”

त्या माझ्या कानाशी वाकल्या.

“मनात जुनंच म्हणत जा, पोरी. मी तोंडाने साहेबांचं ऐकते, पोटात माझं. नाहीतर मला न्यायला देवाला हमालच लावावे लागले असते.” त्या हसल्या, आणि लगेच वर आमच्या दाराकडे बघून तोंडावर पदर धरला.

मी बाबांना विचारलं, आई कुठे आहे? ते प्रार्थनेवरून उठलेही नाहीत.

“तिच्यात एवढी श्रद्धा असेल असं वाटलं नव्हतं मला,” ते म्हणाले. आवाजात अभिमान होता. “रडू नकोस. रडणं म्हणजे देवाशी भांडण.”

ते स्वतः निघताना काहीच म्हणत नसत.

मग एका सकाळी, तिच्या बसच्या वेळेला, दाराची कडी आपोआप सरकली. तेलाचा वास आला. उंबऱ्यातून तिचा आवाज आला, “जाते.”

पावलं जिना उतरत गेली. मी धावले. जिन्यात कुणी नव्हतं. कठड्यावर हाताच्या उंचीला ओल्या बोटांचे ठसे होते, ते माझ्यादेखत वाळले.

तेव्हापासून हे रोज होतं. ती वर चढल्याचं कधी ऐकू येत नाही. ती फक्त उतरते. बाबा मान वर न करता म्हणतात, “जा.” आवाज मात्र दर सकाळी आणखी खालून येऊ लागला. आधी उंबऱ्यातून, मग मधल्या वळणावरून. काल तो फाटकाजवळ पोचला होता. त्यापुढे रस्ता आहे, आणि रस्त्यावरचं वर ऐकू येत नाही.

आज मी बाबांच्या आधी दारात जाऊन उभी राहिले.

कडी सरकली.

खूप खालून, “जाते.”

“जा,” आतून बाबा म्हणाले.

“जाते नाही, आई!” मी ओरडले. “येते म्हण. येते म्हण गं!”

आत बाबांची खुर्ची मागे सरकली.

खाली पावलं थांबली.

मी कठड्यावरून वाकले.

“माफ करा हं,” आईने खालून अदबीने विचारलं, “आपण कोण?”