पूल उचलल्याशिवाय दार उघडत नाही

हे माझ्यासोबत घडलंय. कुणाच्या मित्राच्या मित्रासोबत नाही. ज्यांना खाली 'भाऊ, गोळ्या वेळेवर घे' असं लिहायचंय त्यांनी आत्ताच लिहून मोकळं व्हावं.

आणि रात्रबित्र नव्हती. रविवार होता. दुपारचे सव्वातीन. दादाच्या घरातली वरची मागची खोली.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून द्यायचा. केसाएवढा फरक बोटाला कळायचा त्याच्या. मी पंपांच्या कारखान्यात फिटर. माझी बोटं फक्त स्पॅनर ओळखतात. मी जिना चढलो की वरून आवाज यायचा, "आलं वादळ. नाजूक वस्तू आत घ्या."

पण वेड दोघांचं एकच. प्लास्टिकचे ठोकळे. एकात एक बसवायचे, मोटर लावायची, गिअर लावायचे, आणि मेलेली वस्तू चालायला लागायची. क्रेन केल्या, खटके मारणारं घड्याळ केलं. आणि मग ट्रेन.

त्या ट्रेनसाठी दादानं अख्खी खोली दिली होती.

खोली नीट समजून घ्या. चारी भिंतींना लागून छातीएवढ्या उंचीची टेबलं. टेबलांखाली जमिनीपर्यंत ड्रॉवर, प्रत्येकात एकेका रंगाचे ठोकळे. मधे मोकळी जागा, एक स्टूल. दादा तिथे बसायचा आणि ट्रेन त्याच्या भोवती फिरायची. एका कोपऱ्यात डोंगर, डोंगरात बोगदा. दारापुढे मात्र टेबल ठेवता येत नव्हतं, म्हणून तिथे ठोकळ्यांचाच पूल. दार आतल्या बाजूला उघडायचं. म्हणजे आत यायचं, दार लावायचं, मग पूल बसवायचा. बाहेर जायचं तर आधी पूल उचलायचा, मग दार.

पूल बसलेला असताना दार बोटभरही उघडत नव्हतं.

ठोकळ्यांच्या एका प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात नवीन सहा डब्यांची गाडी पुलावरून घसरायला लागली. जड होती. पुलाची टोकं हलायची. दादा म्हणाला, पूर्ण पूल सोडवून परत बांधू. चार तासांचं काम.

मी म्हटलं, "थोडा गोंद लाव की. दहा मिनिटांत विषय संपला."

दादानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घरात चपला घालून जेवायला बसलोय.

"गोंद लावायचाय तर सुतारकाम कर. ठोकळा सुटला पाहिजे. जो सुटत नाही तो ठोकळा नाही."

"तुझं नेहमीचंच. आपलंच खरं."

"माझं घर, माझी ट्रेन. तुला जमत नसेल तर येऊ नको."

लहानपणापासून हेच ऐकत आलोय. तुला जमत नाही. तू मोडशील. तू फक्त ठोकळे शोधून दे. चाळिशी उलटली तरी मी ठोकळे शोधून देणाराच.

दादा खाली आंघोळीला गेला. पूल भिंतीला टेकवून उभा होता. माझ्या पिशवीत कारखान्यातला गोंद होता, दोन ट्यूब मिसळून लावायचा तो, लोखंड धरून ठेवणारा. पुलाच्या दोन्ही टोकांना टेबलाच्या कडेत बसणाऱ्या पिना होत्या, त्यांना लावला.

आणि घरी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दुकानात गेली. कपडे दुरुस्तीचं दुकान आहे तिचं. दादा खोलीत गेला, दार लावलं, टोकं किती हलतात ते बघायला पूल बसवला. मोबाइल खाली. खोलीत मोबाइल त्याला चालायचा नाही.

दीड वाजता वहिनीनं मला फोन केला. दार उघडत नाही. आतून आवाज नाही.

मी आणि शेजारी, दोघांनी खांदे लावले. तिसऱ्या धक्क्याला पूल फुटला.

दादा ड्रॉवरांना टेकून बसला होता. डोळे उघडे. हातात ठोकळे सोडवायची ती छोटी प्लास्टिकची पट्टी.

टेबलावर त्रेचाळीस ठोकळे होते. करडे एकीकडे. काळे एकीकडे. लाल एकीकडे.

कळलं का? छातीत दुखत होतं, दार अडलं होतं, एक लाथ घातली असती तर पूल तुटला असता. आम्ही तोडलाच ना? पण हा माणूस पूल सोडवत बसला. एकेक ठोकळा. आणि सोडवलेले रंगानुसार लावत बसला.

डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर.

लोक त्याला जिन्यावरून खाली नेत होते तेव्हा मी वर होतो. पकडीनं टेबलाच्या कडेला गोंदानं चिकटून राहिलेले पुलाचे तुकडे उचकटत होतो. सहा होते. खिशात टाकले. त्याच संध्याकाळी नाल्यात फेकले.

कुणाला कळलं नाही.

दीड महिन्यानं वहिनी म्हणाली, "भाऊजी, ती खोली रिकामी करून द्या. मला त्या दारासमोरून जाववत नाही."

म्हणून तो रविवार. वहिनी बाजारात गेली होती. माझा मोबाइल खाली, सोफ्यावर.

आधी इंजिनाचे सहाही सेल काढले. मुठीत धरले, मोजले, खिशात टाकले. मग भिंतीकडे तोंड करून डोंगराच्या शेंड्यापासून सोडवायला सुरुवात केली.

दहा मिनिटं गेली असतील.

मागे आवाज आला.

टक्...

बारीक. ठोकळा ठोकळ्यात बसतो ना, तसा.

मी वळलो नाही. म्हटलं, काहीतरी पडलं असेल.

टक्... टक्...

वळलो.

दार बंद होतं.

आणि दारापुढे पूल होता.

अख्खा. एकही ठोकळा कमी नाही. जो पूल मी माझ्या खांद्यानं फोडला होता, ज्याचा चुरा वहिनीनं सुपलीत भरला होता... तो पूल.

मी फिटर माणूस. घाबरलो की मला राग येतो. सरळ लाथ घातली. अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत कळ गेली. पूल जागचा हलला नाही. स्टूल उचलून हाणलं. स्टुलाचा पाय मोडला. पुलाला चरा नाही.

तेवढ्यात रूळ वाजायला लागले.

खट्-खट्... खट्-खट्...

प्लास्टिकच्या रुळांना जोड असतात. प्रत्येक जोडावर चाक वाजतं. हा आवाज मी झोपेतही ओळखतो.

सेल माझ्या खिशात होते. मी चाचपून बघितले. सहाही.

गाडी माझ्या डावीकडून आली, पुलावरून गेली, घसरली नाही, आणि बोगद्यात शिरली.

आवाज बंद.

बोगदा हातभर लांबीचा. गाडी पाच सेकंदांत बाहेर यायला हवी. मी मोजत होतो. वीस... तीस... चाळीस...

आतून काहीच नाही. फक्त...

कुणीतरी श्वास घेत होतं. जिना चढून आलेला माणूस घेतो तसा. थांबून, थांबून.

मग गाडी बाहेर आली. पहिला डबा उघडा, मालाचा. बोगद्यात जाताना तो रिकामा होता.

आता त्यात एक करडा तुकडा होता. ओला. काळा चिखल लागलेला. टोकावर पिवळट गोंदाचा गोळा.

पकडीच्या दातांची खूण मला लांबूनच दिसली.

डबा माझ्यासमोर थांबला. मी तुकडा उचलला नाही. गाडीही हलली नाही. मी उचलून टेबलावर ठेवला, तेव्हा ती पुढे गेली.

पुन्हा बोगदा. पुन्हा तो श्वास. दुसरा तुकडा.

तिसरा.

खाली सोफ्यावर माझा मोबाइल वाजला, वाजून बंद पडला. मी ओरडलो. घसा फाटेपर्यंत ओरडलो. माझाच आवाज मला उशीत तोंड दाबल्यासारखा ऐकू आला. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की दादाही असाच ओरडला असेल, कुणाला ऐकू न जाता. त्या दिवसापर्यंत हा विचार मी येऊच दिला नव्हता.

चौथा. पाचवा. बोगद्यातली वाट बघणं प्रत्येक वेळी लांबत होतं. श्वास कमी होत होता.

सहावा तुकडा आला तेव्हा श्वास नव्हता.

गाडी थांबली ती थांबलीच. माझ्या छातीसमोर.

मग जिन्यावर पावलं. वहिनी.

"भाऊजी? दार कशाला लावलंत? फोन का उचलत नाही?"

"वहिनी, उघडत नाही! पूल..."

"कसला पूल? पूल तर मोडला ना." तिनं दार ढकललं. दार पुलावर आदळलं. "अगंबाई, काय अडतंय हे?"

मग तिनं ढकलणं थांबवलं. तिनंही हे दार आधी ढकललं होतं. तिच्या हातांना तो धक्का ओळखीचा होता.

मी दाराला तोंड लावून सगळं सांगितलं. भांडण, गोंद, पकड, नाला.

बाहेर बाजाराची पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"एक सांगा," ती म्हणाली. अहो-जाहो तसंच होतं, पण आवाज वेगळा. "तो गोंद सकाळपर्यंत ओला राहील, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"नाही वहिनी. मला वाटलं रात्रीत सुकेल. मग पूल पक्का होईल, आणि दादा म्हणेल बरं केलंस. देवाशपथ."

दार उघडलं.

पण पूर्ण नाही. वीतभर.

मी आडवा होऊन निघालो. शर्टाची तीन बटणं तुटली, छातीची कातडी सोलली. बाहेर येऊन मागे बघितलं तर पूल नव्हता. दारामागे काहीच नव्हतं. तरी दार वीतभरच. वहिनीनं फटीतून आत बघितलं. टेबलावर सहा तुकडे ओळीनं ठेवलेले होते.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं मला भाऊजी म्हणून हाक मारलेली नाही. कसलीच हाक मारलेली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहीत बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या घराचं दार माझ्यासाठी वीतभरच उघडलं. मी आडवा होऊन बाहेर पडलो. मागून बायको आली, तिनं तेच दार सताड उघडलं. मोरीचं दार, तसंच. कारखान्यातल्या स्टोअरचं दार, तसंच. सुतार बोलावला. त्यानं बिजागऱ्या बदलल्या, कड तासली, आणि म्हणाला, "दाराला काही झालं नाही साहेब, पोट कमी करा." बायको हसली. मीही हसलो.

गेल्या आठवड्यात फट चार बोटांवर आली. लोकांसाठी थांबायला लागलो. कुणीतरी दार उघडेल, मग मी जाईन.

बायको काल माहेरी गेली. आज सकाळपासून या खोलीचं दार नखभरही उघडत नाही. खिडकीला गज आहेत. दोनदा खांदे मारून झाले. डाव्या हाताला मुंग्या येताहेत. फोन लावतो तर समोरून कुणी उचललं की मला माझाच आवाज ऐकू येत नाही, आणि ते हॅलो, हॅलो करून ठेवून देतात. लिहिलेलं मात्र जातंय, तेही फक्त या पेजवर.

वहिनी हे पेज वाचते. शिलाई मशीनशेजारी मोबाइल उभा करून भुताच्या गोष्टी वाचते, दादा तिला चिडवायचा. म्हणून इथे लिहितोय.

वहिनी, मी बारा वर्षं तोच गोंद वापरतोय. ट्यूबवर लिहिलेलं असतं, पकड चोवीस तासांनी. वाचायचीही गरज नाही मला. तो सकाळी पूल बसवेल आणि दुपारपर्यंत आत अडकेल, हे मला माहीत होतं. मला तेच हवं होतं. म्हटलं, बसू दे. ओरडू दे तासभर. मग मला बोलावतील, मी येऊन एका लाथेत मोडेन तो पूल, त्याच्या डोळ्यांदेखत.

मरेल असं वाटलं नव्हतं. एवढंच खरं आहे माझ्याकडे. आता काही उरलं नाही.

बाहेरून कुणी दाराला हात लावलेला नाही. पण मघापासून कडेनं...

टक्.

एकेक. सावकाश.

सोडवतोय की बसवतोय, ते आवाजावरून कळत नाही.