तिसऱ्या हाकेनंतर

दोन हजार चार सालच्या माघातली ती सकाळ. मुळशीच्या धरणावर असे धुके उतरले होते, की पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते, ते कळत नव्हते.

ऑफिसच्या सहलीतून एकटाच बाहेर पडलेला ऋषिकेश धोंडाबाईंच्या चहाच्या टपरीपाशी आला आणि थबकला. दोन्ही हातांत पेला धरून ज्ञानदा उभी होती... चार महिन्यांपूर्वी घर सोडून गेलेली त्याची बायको.

“तू? इथे?”

“माझं आजोळ आहे. वाट तू चुकलायस.”

“चुकलो ते बरंच झालं म्हणायचं.”

“अजून तीन चमचे साखर घेतोस?”

“रागवायला कुणी नसतं, म्हणून चार.”

ती हसली, आणि लगेच तिने ओठ मिटले.

हिंजवडीत दोघे एकाच टीममध्ये होते. बढती तिला मिळाली, आणि त्या संध्याकाळपासून तो तिला घरातही ‘मॅडम’ म्हणू लागला. घडले होते ते एवढेच.

“रविवारी बंगळूरला निघतेय. दोन वर्षांसाठी,” ती म्हणाली. “तुला काही... म्हणायचंय?”

म्हणायचे पुष्कळ होते. ओठांवर आले ते एवढेच — “अभिनंदन, मॅडम.”

तिने पेला खाली ठेवला, शाल आवळली आणि काठाच्या उताराने ती धुक्यात दिसेनाशी झाली.

“ज्ञानदा!”

ओ आली नाही. हाक मात्र पाण्यावरून परत आली — उशिरा, ओलसर, परक्याच कुणाच्या गळ्यातून यावी तशी. जुनी गावे पोटात घेऊन निजलेले ते पाणी... त्याच्या अंगावर शहारा आला. ऐकूनही ती बोलत नाही, म्हणजे संपलेच. तो माघारी वळला.

“कुटं निगाला, जावई?” धोंडाबाईंनी वाट अडवली. “येकच हाक मारून? आवं, पाण्यातली हायेत न्हवं, ती येकदाच हाक मारत्यात. जित्या माणसानं तीनदा मारायची. तवर हितली पोर ओ द्यायची न्हाई. आमीच शिकवलंय तिला.”

“आणि तिला यायचंच नसेल तर?”

“तर दोन हाका वाया जातील. तुमच्या गळ्याला काय भाडं पडतंय व्हय?”

एकदा विचारून गप्प बसायचे, हीच त्याची आजवरची रीत. तो पुन्हा काठाकडे वळला.

“ज्ञानदा... चुकलो गं!”

धुके हलले नाही.

“ज्ञानदा! तू मोठी झालीस, आणि मी उगाच लहान झालो. तू जा... दर शुक्रवारी मी गाडी धरीन. येऊ?”

तो धुक्याकडे कान देऊन उभा राहिला. मग चपलांचा ओला आवाज.

“ओ! आले!” धुक्यातून ती वर आली, डोळे भरलेले, श्वास लागलेला. “तिकीट आधी काढावं लागतं, कळलं? आणि तिसऱ्या हाकेला निघालेच होते मी. चौथी कशाला मारलीस? तीही... इतकी कानाशी?”

ऋषिकेश तिसरीनंतर थांबला होता.

त्याने तिची गार बोटे मुठीत घेतली आणि पाण्याकडे पाठ केली.

“राहवलं नाही,” तो म्हणाला.