दुधाचं कुळ

काचेच्या खोलीत बसवलं तेव्हा यल्लव्वाने आधी खुर्ची पुसून घेतली. खुर्ची स्वच्छच होती. पण तिच्यासारखी बाई उठून गेल्यावर लोक खुर्ची पुसतात, हे तिने अठ्ठावन्न वर्षं पाहिलं होतं. आज पुसायचा मान तिला आपल्याकडे ठेवायचा होता.

"आजी, ही नळी फक्त गिळायची," प्रयोगशाळेतला सहायक निसार बागवान म्हणाला. "टोकाला जंतुवेचक आहे, मुगाच्या दाण्याएवढा. पोटातले सूक्ष्मजीव वेचतो आणि परत येतो. दुखत नाही."

"आजी तुझी घरी असंल. मला यल्लव्वा म्हण. आणि दुखायचं काय सांगतोस? तीस वर्षं दगडाची भुकटी गिळलीय ह्या नरड्यानं."

"आव्वा, जरा दमानं," शेजारी उभी असलेली तिची नात शिवगंगा पुटपुटली.

"दमानं घेतलं की चोर म्हणत्यात. बगतीयस न्हवं?"

म्हणतच होते. चंद्रावरच्या पहिल्या वसाहतीसाठी साठ माणसं निवडायची होती, आणि शिवगंगाचं नाव त्या साठांत लागलं होतं. दगड फोडून पोट भरणाऱ्यांच्या वस्तीतली बावीस वर्षांची पोरगी. वसाहतीची माणसं जे खाणार, ते हिरवं शेवाळ वाढवायच्या कुंडांवर ती तीन वर्षं काम शिकली होती, आणि कुंड नासलं की नुसत्या वासावरून ते सगळ्यात आधी तिला कळायचं. नाव लागलं त्या दिवशी वस्तीत हलगी वाजली. चौथ्या दिवशी निवड मंडळाचं पत्र आलं. तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवाचा वाण विहंग सरपोतदार नावाच्या उमेदवाराच्या घराण्याचा आहे, तो तिने चोरून बसवून घेतल्याचा संशय आहे, निवड स्थगित. गुन्हा शाबीत झाला तर दहा वर्षं कुठल्याही सरकारी कामावर बंदी.

शिवगंगाने पत्र वाचून दाखवलं तेव्हा यल्लव्वा भाकरी थापत होती. सरपोतदार हे नाव ऐकून तिचे हात थांबले. मग तिने एवढंच विचारलं, "पुण्याचे का?"

आता नळी पोटात गेली होती आणि समोरच्या पडद्यावर हिरवे आकडे सरकत होते. निवड मंडळाचे न्यायसदस्य कोर्लेकर वही उघडून बसले होते. सरळ माणूस, पण नियमाच्या ओळीबाहेर पाय न टाकणारा.

"डॉक्टर, मला साध्या भाषेत सांगा," ते म्हणाले. "निकालपत्रात मला तेच लिहायचंय."

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. वसुधा केळुसकर यांनी चष्मा वर सारला. "चंद्रावर गहू-ज्वारी पिकणार नाही. खायचं ते शेवाळ. माणसाच्या पोटाला ते पचत नाही. ते पचवतो आतड्यातला एक सूक्ष्मजीव, आम्ही त्याला शेवाळपचवा म्हणतो. तो घर करतो जन्मानंतरच्या पहिल्या शंभर दिवसांत, आणि तोही फक्त बाईच्या दुधावाटे. पुढे पाजून काही उपयोग नाही."

"मग तो सगळ्यांत का नाही?"

"एके काळी असणार. डब्यातलं दूध आलं, शिंक आली की औषधं आली, आणि सुखवस्तू घरांतून तो संपला. ज्यांना डब्याचं दूध परवडलं नाही आणि डॉक्टरही परवडला नाही, त्यांच्यात तो राहिला. तोही फार थोड्या घराण्यांत. प्रत्येकाचा वाण जरा निराळा."

"म्हणजे गरिबी कामाला आली म्हणायची."

"कुनाच्या कामाला, ते बगू की," यल्लव्वा म्हणाली.

कोर्लेकरांनी मान वर केली नाही. "एका वाणाचं एकच माणूस, हा नियम कशासाठी?"

"एखादी साथ एखाद्या वाणाला मारते. एकाच वाणाची दहा माणसं नेली आणि तो वाण मेला, तर दहाही माणसं भरल्या ताटासमोर उपाशी मरतील. साठ माणसं, साठ वाण. एक गेला तरी एकोणसाठ जेवतील."

"आणि चोरी?"

"काळ्या बाजारात आतड्यावर वाणाचं कलम करून देतात. वर्षभर टिकतं, मग सडतं. निवडीपुरतं भागतं." डॉक्टरांनी पडद्याकडे बोट केलं. "वाण एका पोटातून दुसऱ्या पोटात गेला की त्याच्या जनुकांत एक खूण वाढते. विहंगच्या वाणात खुणा एकतीस. शिवगंगाच्या बत्तीस. यंत्राला दोनच माणसं माहीत होती. एकतीसवरून बत्तीस, म्हणजे त्याच्याकडून हिच्याकडे. ते सरळ म्हणालं, चोरी."

"यंत्राला असं का न्हाई वाटलं, की दोघांच्या आधी कोन तरी असंल?" यल्लव्वाने विचारलं.

डॉक्टर यल्लव्वाकडे वळल्या. "दोनच नावं दिली होती, आजी. आणि पहिलं नाव सरपोतदारांचं होतं."

पडद्यावरचे आकडे थांबले. निसारने दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा.

"तीस," तो म्हणाला.

शिवगंगाने डोळे मिटले. तीस यल्लव्वाच्या पोटात. एकतीस तिच्या लेकीच्या, म्हणजे शिवगंगाच्या आईच्या. बत्तीस शिवगंगाच्या. आणि एकतीसच त्या पुण्याच्या बंगल्यात वाढलेल्या मुलाच्या. तो यल्लव्वाच्या लेकरांच्या पंगतीत येऊन बसला होता.

"हे कसं झालं, सांगाल का?" कोर्लेकरांनी विचारलं.

चोवीस वर्षं यल्लव्वाने हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वस्तीत भीक मागितली तर कोणी बोल लावत नसे, पण दूध विकणाऱ्या बाईला कोणी चुलीजवळ बसू देत नसे. तिने पदर खोचला आणि भिंतीकडे बघत सांगितलं.

"त्यांच्या बंगल्याच्या कुंपनाचा दगड आम्ही फोडत हुतो. बाईंचं पोर सातव्या महिन्यातच जन्मलेलं. डब्याचं दूध वकायचं. बाईंना दूधच न्हाई. माजा नागेश तवा सव्वा महिन्याचा. त्यांनी मला न्हाऊ घातलं, धुतलेलं लुगडं दिलं, मागल्या पडवीत बसवलं. यंत्र लावून दूध काडायचं, वाटी खिडकीतून आत द्यायची. पोराला हात लावायचा न्हाई. तीन महिने मी त्या पोराचं रडं ऐकलं, तोंड बगितलं न्हाई."

"आणि तुमचा नागेश?"

"त्याला भाताची पेज. नऊ महिन्याचा झाला आन् गेला."

शिवगंगा आजीकडे बघतच राहिली. नागेश पटकीने गेला, असं घरात सगळे सांगत.

दुपारी सुनावणी झाली. लांब टेबलाच्या एका बाजूला मृणालिनीबाई सरपोतदार, त्यांचा वकील आणि विहंग. मुलगा उंच, शांत, नखं कापलेला. यल्लव्वाने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ह्याचे दात काय सुरेख आहेत, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

मृणालिनीबाईंनी आधी शपथेवर लिहून दिलं होतं की मुलाला मीच पाजलं. आता तीसचा आकडा समोर ठेवल्यावर त्या पाण्याचा पेला हातात धरून बसल्या. पितही नव्हत्या, ठेवतही नव्हत्या.

"चोरीचा आरोप इथेच संपतो," कोर्लेकर म्हणाले. "आता प्रश्न जागेचा. नियम असा. एका वाणाला एक जागा. वाणावर पहिला हक्क मूळ कुळाचा. कुळाबाहेरच्या माणसाने तो वाण मिळवला असेल, तर त्याने कुळातल्या उमेदवारासाठी जागा सोडावी. कुळातलेच दोन उमेदवार असतील, तर ज्याची नोंद आधी, त्याची जागा."

विहंगची नोंद शिवगंगाच्या आठ महिने आधीची होती. पण तो सरपोतदार. यल्लव्वाला हिशेब चटकन कळला. पोरगी चंद्रावर जाणार होती. तिने खुर्चीत पाठ ताठ केली.

वकील उठला. त्याचा आवाज मऊ होता, दुखावेल असं एक अक्षर त्यात नव्हतं.

"यल्लव्वाबाई, तुम्हाला फार सोसावं लागलं. माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या समाजात एखाद्या बाईने परक्याच्या पोराला दूध पाजलं, तर ते पोर कोणाचं मानतात?"

शिवगंगाने टेबलाखालून आजीचं मनगट घट्ट धरलं. "आव्वा, ह्याला उत्तर देऊ नको. आपण विचारून सांगू म्हण."

पण यल्लव्वाची नजर मृणालिनीबाईंवर होती. प्रश्न ऐकताच त्या बाईचा चेहरा पिठासारखा झाला होता. वाटी खिडकीतून घेणारी बाई. पोराला हात लागला असता तर पडवी धुऊन काढणारी बाई. चोवीस वर्षांत यल्लव्वाला असा घाव घालायची जागा मिळाली नव्हती, आणि दगडाची शीर सापडल्यावर हातोडा आवरायची तिला सवय नव्हती.

"कुनाचं म्हंजे?" ती उभी राहिली. "आमच्यात एक वेळ कूस भाड्यानं मिळंल, दूध न्हाई. जिचं दूध पेला ती त्याची आई. मग तो राजाच्या घरात वाढू दे, न्हाईतर चोराच्या. आमच्या पंचांनी दूधभावाशी सोयरीक केली म्हनून एका जोडप्याला वस्तीतून काडलंय. ही बाई त्याला शाळेत घालू दे, घोड्यावर बसवू दे. पोरगा माजा हाय. आन् हिला ते ठाऊक हाय, म्हनूनच हिनं शपथ घेऊन खोटं लिव्हलं!"

मृणालिनीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. यल्लव्वाला वाटलं, भरून पावलं.

"धन्यवाद," वकील म्हणाला आणि खाली बसला.

कोर्लेकर बराच वेळ लिहीत होते. पेन थांबलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"यल्लव्वाबाई, कुळ कसं ठरवायचं याचा एक नियम आहे. तुमच्याच लोकांनी मोर्चे काढून तो करून घेतला. आधी शहरातले अधिकारी ठरवायचे की तुमच्यात कोण मोडतं. तुमच्या लोकांनी म्हटलं, ते आमच्या रीतीने ठरलं पाहिजे. आता ते तसंच ठरतं. रीत कुळातल्या थोर बाईने सांगायची, आणि ती तुम्ही सांगितलीत." त्यांनी वही जरा जवळ ओढली. "विहंग तुमच्या कुळातला. त्याची नोंद आधीची. जागा त्याची."

"काय?"

"साठांतल्या बारा जागा मागे ठेवलेल्या कुळांसाठी आहेत, शिवगंगाची त्यांतलीच होती. विहंग आता त्या बारांतला. खुल्या यादीतली त्याची जागा रिकामी झाली, ती प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला जाईल. शिवगंगा निर्दोष आहे, तसं ठळक अक्षरांत लिहिलंय. पण तिच्या वाणाची जागा आता भरली."

"त्याला कशाला आमच्यातली जागा?" यल्लव्वाचा आवाज चढला. "त्यो कुटं दगड फोडायला आला हुता? त्याच्या घरी पंखा हुता, शिकवणी हुती, गाडी हुती! त्यो सरपोतदार हाय!"

"मग तुम्ही सांगितलेली रीत खोटी का?"

यल्लव्वाने तोंड उघडलं. रीत खोटी म्हणावी, तर पंचांनी वस्तीतून काढलेलं ते जोडपं तिच्याच धाकट्या बहिणीचं होतं. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्या आवाजात तीच बोलली होती.

"रीत खरी हाय," ती म्हणाली आणि बसली.

मृणालिनीबाई रुमालाने डोळे टिपत होत्या. वकील त्यांच्या कानात काही कुजबुजला. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा कोर्लेकरांच्या वहीकडे, आणि मग त्या सावकाश म्हणाल्या, "आमची हरकत नाही. त्याच्या नावापुढे ह्यांचंच कुळ लागू दे. शेवटी दूध यांचंच."

इतकं सहज. यल्लव्वाला वाटलं होतं, ह्या नावाने त्या बाईच्या अंगाची आग होईल. नाव जागा घेऊन आलं, तेव्हा ते गळ्यात घालायला त्या बाईला श्वासभरही वेळ लागला नाही.

विहंग टेबलाला वळसा घालून आला आणि वाकून यल्लव्वाच्या पायाला हात लावला. हात गरम होता. तिने पाय मागे घेतले नाहीत. घ्यायचे कसे तेच तिला सुचलं नाही.

"मला हे काहीच माहीत नव्हतं," तो म्हणाला. खरंच माहीत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग तो शिवगंगाकडे वळला. जरा अडखळला. "निघायला अडीच महिने आहेत. तिथे शेवाळकुंडं सांभाळायला तुम्ही जाणार होतात. आता तुमच्या जागी मी जाणार, म्हणजे ते काम माझ्याकडे येईल. मला त्यातलं काही येत नाही. कुंड नासायला लागलं की वास येतो, तो तुम्हाला कळतो म्हणे. मला तेवढं शिकवाल का?"

"न्हाई शिकवनार!" यल्लव्वा म्हणाली. "तुज्या आईला जाऊन विचार!"

हे बोलल्यावर खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं, आणि का पाहिलं ते तिला कळायला जरा वेळ लागला.

शिवगंगाने आजीच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिकडे त्याच्याशिवाय आणखी एकोणसाठ माणसं त्या कुंडांवर जेवणार होती आणि त्यांतल्या कोणाशीही तिचं भांडण नव्हतं.

"शिकवते," ती विहंगला म्हणाली. "उद्या किती वाजता येऊ?"