सरळ या, मी आहे ना

त्या दिवशी कलिंगड आणायला मीच गेले होते. ऑगस्टचे दिवस, ओबोन, म्हणजे पितरांचा सण, तोंडावर आलेला. बंदराजवळच्या दुकानातल्या बाईंनी दोन-तीन कलिंगडं थोपटून पाहिली आणि त्यातलं एक मला दिलं. "तुमच्या म्हाताऱ्यांना नेम धरायला सोपं जाईल, चांगलं मोठं आहे," म्हणाल्या. गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून, त्याला पट्टा लावून मी वृद्धाश्रमात परतले.

आमचा वृद्धाश्रम समुद्राला लागून आहे. हॉलचं सरकतं काचेचं दार बागेत उघडतं. बागेपलीकडे बंधारा, आणि बंधाऱ्यावरून थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. उन्हाळ्यात दुपारी आम्ही काही ना काही खेळ ठेवतो. कधी कागदी पंखे रंगवायचे, कधी टबात सोडलेले रबरी मासे पकडायचे. पण सगळे वाट बघतात ती कलिंगडाच्या खेळाची. एकाचे डोळे बांधायचे, हातात काठी द्यायची, बाकीच्यांनी डावीकडे, उजवीकडे असं ओरडत त्याला कलिंगडापर्यंत पोचवायचं. आमची काठी म्हणजे वर्तमानपत्राची गुंडाळी. टोला बसला की झालं, मग कलिंगड सुरीनेच कापायचं.

बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून हॉलमध्येच निळं प्लॅस्टिक अंथरलं. काचेचं दार लावलं, एसी सुरू केला. पहिला नंबर तोकुझोसान यांचा. जन्म होडीवर काढलेला माणूस, आवाज भसाडा.

"डावीकडे! अहो, तुमची डावी!" सगळे ओरडत होते.

"होडी चालवली की मी! मला डावी-उजवी शिकवता?" असं म्हणत त्यांनी काठी हाणली ती रिकाम्या जमिनीवर. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी त्यांच्या डोळ्यांवर बांधलेला टॉवेल सोडला. ते मात्र हसत नव्हते.

"तू तिकडे दारापाशी उभी राहून कशाला हाका मारत होतीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी तुमच्या पाठीशीच होते. तुमच्या कंबरेचा पट्टा धरून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

मग फुसाएसान यांनी हात वर केला. त्या एरवी कशातच भाग घेत नाहीत. वॉकरशिवाय त्यांना दोन पावलं टाकता येत नाहीत. मी त्यांच्या कंबरेचा पट्टा घट्ट धरला आणि आमचे व्यवस्थापक सेगावासान यांनी त्यांचे डोळे बांधले. काठी हातात येताच त्या वळल्या. कलिंगडाकडे पाठ करून चालायला लागल्या.

"उलट! फुसाएसान, उलट जाताय!"

त्या थांबेनात. मी मागे ओढत होते आणि त्या मलाच फरफटत नेत होत्या. एवढीशी, पाखरासारखी बाई. चालता चालता कुणाला तरी उत्तर देत होत्या, "हो... येते... येते ना..."

काचेचं दार हातभर उघडं होतं. मी स्वतः लावलेलं दार. बाहेरची गरम हवा तोंडावर आली, आणि तिच्याबरोबर कुजलेल्या शेवाळाचा वास. सेगावासान धावत आले, आम्ही दोघांनी मिळून त्यांना अडवलं. मी टॉवेल ओढून काढला.

"फुसाएसान, कुठे निघाला होता?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून बागेकडे. "तूच तर बोलावत होतीस, पोरी. सरळ या, घाबरू नका, मी आहे ना... असं म्हणत होतीस."

रोज सकाळी त्यांना आंघोळीला नेताना मी हेच म्हणते. याच शब्दांत.

सेगावासान यांनी दार लावून कडी घातली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "इनुईसान, घाबरलेत सगळे. असेच खोल्यांत पाठवले तर रात्रभर कुणाचा डोळा लागणार नाही. आता तुम्ही टोला मारा आणि हसत हसत संपवा खेळ." तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला आणि ते तिकडे गेले.

नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगते, मला तो आवाज ऐकायचाच होता.

टॉवेल बांधला. त्याला फुसाएसान यांच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. आधी सगळ्यांचे आवाज ऐकू आले. तोकुझोसान ओरडत होते, "उजवीकडे, उजवीकडे!" मी पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं. ते आवाज विरत गेले, भिंतीपलीकडून यावेत तसे. झाडांवरच्या किड्यांची किर्रकिर्र तेवढी वाढली. मग अगदी जवळून, शांतपणे...

"सरळ या. घाबरू नका. मी आहे ना."

माझा आवाज. माझ्या आवाजाला एवढी माया असते हे मला माहीत नव्हतं. त्या आवाजापाठोपाठ जाताना किती हलकं वाटत होतं, काय सांगू. तळव्यांना चटका बसला तेव्हाही मला काही वाटलं नाही. कंबरेला कुणीतरी हळुवार धरलं होतं. "आता एक पायरी आहे हं... उतरा..."

मोजा गार पाण्याने भिजला आणि मी टॉवेल ओरबाडला.

मी बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर होते. भरतीचं पाणी घोट्यापर्यंत आलेलं. पुढची पायरी दिसतच नव्हती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

कशी धावत आले, आठवत नाही. काचेचं दार सताड उघडं होतं. आत सगळे गप्पा मारत कलिंगड खात बसले होते. फोडी कापून, बशीत घालून, ज्याच्या त्याच्या पुढ्यात नीट ठेवलेल्या.

"हे... कुणी कापलं?"

सेगावासान हसले. "कुणी म्हणजे? मी फोनवरून आलो तेव्हा तुम्हीच कापत होता की. मीठ आणते म्हणून आत्ता स्वयंपाकघरात गेलात." मग त्यांची नजर माझ्या भिजलेल्या मोज्यांवर गेली आणि त्यांचं हसू मावळलं.

स्वयंपाकघराच्या दारावरचा कापडी पडदा अजून हलत होता.

मी जागची हलले नाही. सेगावासानच आत गेले, आणि लगेच परत आले. आत कुणी नव्हतं. मिठाच्या बरणीचं झाकण उघडं होतं आणि नळ वाहत होता.

त्या दिवसापासून आम्ही तो खेळ बंद केला. बंधाऱ्याकडे जायच्या वाटेवर कुंपण घातलं. तोकुझोसान मला बघितलं की थट्टा करायचे ते थांबले. फुसाएसान मात्र आंघोळीला नेताना रोज माझा हात चाचपून बघायच्या आणि विचारायच्या, "आज कोणती आलीस?" मी म्हणायचे, "मीच." मग त्या उठायच्या. त्यांचं ते विचारणं हळूहळू अंगवळणी पडलं.

सप्टेंबरात एकदा मला दुपारची पाळी होती. त्यांच्या खोलीत गेले तर त्या खिडकीशी बसल्या होत्या. केस धुऊन, विंचरून, छान अंबाडा घातलेला. मी हात पुढे केला. त्यांनी तो चाचपला नाही, काही विचारलंही नाही. हसून म्हणाल्या,

"आता पुन्हा कशाला आलीस? सकाळी किती छान न्हाऊ घातलंस. पाणी तेवढं खारट होतं."